उपरण्याखालचा हात

या सदरात लोक जे लिहितात ते मी वाचतो, आणि बहुतेक वेळा चिडून मासिक बाजूला फेकतो. चिंचेवरची बाई, उलट्या पावलांचा माणूस... मी बैलांचा दलाल आहे. देऊळगाव राजापासून जालन्यापर्यंतच्या बाजारांत आयुष्य गेलं. विकणारा बैलाचं वय सांगतो तेव्हा मी त्याच्याकडे बघत नाही, बैलाचा जबडा उघडून दात बघतो. भुताखेतांनीही आधी दात दाखवावेत, मग बोलू. असल्या गोष्टींवर माझा तेव्हा विश्वास नव्हता, आजही नाही. तरी लिहितो आहे, कारण या एका ठिकाणी मी फसवला गेलो की नाही, हेच मला अजून कळलेलं नाही.

माझा थोरला भाऊ नामदेव. आम्ही त्याला दादा म्हणायचो. धंदा त्यानंच शिकवला, असं लोक मला आजही ऐकवतात. शिकवला, खरं आहे. पण कसा? मी सौदा जुळवत आणायचा आणि यानं भर बाजारात येऊन मोडायचा. "बाजूले हो बे, तुले काय समजते!" दुसरबीडच्या एका शेतकऱ्याशी एका खिल्लारी जोडीचं माझं पक्कं ठरलं होतं. दादानं चार लोकांत माझा हात बाजूला सारला आणि ती जोडी दुसऱ्याला दिली. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. आणि थोड्याच दिवसांत तो मोगलाईत, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या मुलखात, एका बाजाराला गेला. रझाकारांची धामधूम सुरू होती. तो परत आलाच नाही. मला राग काढायला माणूसच ठेवला नाही.

बारा वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही, तर आमच्याकडे पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. मग त्याच्या बायकोच्या बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हा दादाची बारा वर्षं भरली. भाऊबंद रोज ओट्यावर येऊन बसू लागले. दादाचं उत्तरकार्य अडलेलं, म्हणून माझ्या मुलीची सोयरीकही पुढे सरकेना. पण वहिनी ऐकायला तयार नव्हती. त्यातच मुंबईच्या गोदीत कामाला असलेला गावचा एक माणूस सुट्टीवर आला आणि सांगून गेला की कोकणातल्या एका बंदरावर त्यानं हुबेहूब दादासारखा हमाल पाहिला.

वहिनी मला म्हणाली, "भावजी, तुम्ही सोता जाऊन पाहून या. तुम्ही 'नाही' म्हणसान, तर मी बांगड्या उतरवीन. दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावर नाही."

"माझ्यावर एवढा भरोसा?"

"भरोसा कायचा? तुमचं अन् त्यायचं पटत नव्हतं, म्हणून. तुम्ही त्यायले उगाच जिवंत ठेवणार नाही."

गेलो. मुंबईहून स्टीमर धरली. समुद्र आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. एवढं पाणी आणि एका बैलाला पाजण्याच्या कामाचं नाही. त्या बंदरावर उतरून हमाल शोधून काढला. तो निघाला कारवारचा. नाक तेवढं दादासारखं, बाकी काही नाही. मी परतीच्या स्टीमरवर चढलो तेव्हा माझा निर्णय झालेला होता. घरी जायचं, 'नाही' म्हणायचं, भटजी बोलवायचा.

परतताना इंजिनात काही बिघडलं म्हणून आमची बोट एका लहानशा बेटापाशी उभी राहिली. बेटाचं नाव लिहीत नाही, उगाच तिथल्या लोकांना त्रास नको. भोंगा होईल तेव्हा परत या, असं सांगून उतारूंना होडीतून धक्क्यावर सोडलं. सकाळची वेळ, लख्ख ऊन. धक्का संपला की एक विहीर, सुकत घातलेली मासळी, झावळ्यांनी शाकारलेली पाच-सहा दुकानं. एका दुकानात काथ्याचा दोर होता. आमच्याकडे मोटेला अंबाडीचा दोर लागतो, तो पाण्यानं कुजतो. हा कुजत नाही म्हणे. माझे हात शिवशिवले.

दुकानदार पन्नाशीचा, उघडाबंब, फळीपलीकडे मांडी घालून दोराचं वेटोळं करत बसलेला. मागे त्याची बायको काथ्या पिंजत होती. मी भाव विचारला. त्यानं सांगितला तो ऐकून मी हसलो. मग सवयीनं खांद्यावरचं उपरणं उजव्या हातावर टाकलं आणि हात फळीवरून पुढे केला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. कापडाखाली एकमेकांची बोटं धरतात. किती बोटं धरली त्यावर भाव. भोवती उभ्या असलेल्यांना काही कळत नाही. आणि दलाल कापडाकडे कधीच पाहत नाही. समोरच्याच्या डोळ्यांत पाहतो.

दुकानदार म्हणाला, "हाताक लागला काय तुमच्या?"

वेड पांघरून पेडगावला जाणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. मी हात तसाच ठेवला. आणि कापडाखाली माझी चार बोटं कोणीतरी धरली. मी मनात म्हटलं, आला की नाही वळणावर! मी त्याच्या डोळ्यांत पाहत तीन बोटं धरली. त्यानं पुन्हा चार. मी पुन्हा तीन. पकड घट्ट, गरम, तळवा घामेजलेला... कासरा ओढून ओढून अंगठ्याखाली जो घट्टा पडतो, तोसुद्धा लागला.

मग त्या अंगठ्यानं माझ्या मनगटाची शीर दोनदा दाबली.

ही खूण बाजारातली नव्हे. ही आमची दोघांची. मी विकणाऱ्याकडून उभा असलो आणि दादा घेणाऱ्याकडून, की एकानं दुसऱ्याला सांगायचं, 'मी मागं हटलो, तुझा भाव खरा.' घरातही कोणाला माहीत नव्हती. आणि प्रत्येक वेळी ती मीच द्यायची. दादानं एकदाही दिली नाही.

मी समोर पाहिलं. दुकानदारानं वेटोळं खाली ठेवलं होतं आणि तो बिडी पेटवत होता. एका हातात बिडी, दुसऱ्या हातात काडी. आणि माझा हात अजून धरलेला होता.

मी उपरणं फेकलं. खाली माझा हात आणि फळी. फळी ओलांडून पलीकडे गेलो, फळीखाली वाकून पाहिलं, पोती उचकटली. एक कोंबडी ओरडत पळाली. बाकी काही नाही. मी दुकानदाराचा दंड धरला. "कोण आहे तुझ्यासंग? कोणाले लपवलं बे? कोणी शिकवलं तुले हे?"

"अरे सोड, सोड! खुळावलो काय हो?"

त्याची बायको कोयता घेऊनच उठली. "सोड माझ्या घोवाक! मिया बघलंय सगळा. तुझ्या फडक्याखाली तुच कायतरी वळवळवत होतंस. माका वाटला गारुडी इलो!"

"वळवळताना दिसलं तुमाले?"

"दिसला म्हणजे? माझे डोळे फुटले नाय हत!"

तेवढ्यात भोंगा झाला. दुकानदारानं दोर माझ्या अंगावर टाकला. "तीनात घे आणि जा बाबा एकदाचो!"

तीन हा आकडा मी तोंडानं उच्चारलाच नव्हता. निदान मला तसं वाटतं... रागात ओरडलो असेन तर सांगता येत नाही. होडीत बसल्यावर मी शंका एकेक करून तपासल्या. गावचा तो गोदीतला माणूस यांना सामील असेल? पण बोट इथे थांबणार हे कोणाला माहीत होतं? मला मुंग्या आल्या असतील? मग त्या बाईला काय दिसलं? का दादा तिथेच कुठे लपला होता आणि मला तोंड दाखवायची लाज वाटत होती? पण फळीखाली मी स्वतः पाहिलं होतं.

घरी आलो. वहिनी दारातच उभी होती. "तो दादा नव्हता," मी म्हणालो. तिनं एकदा मान हलवली. "मंग बोलवा भटजीले." एवढंच. आणि आत जायला वळली.

इथं गप्प बसलो असतो तर सगळं सोपं होतं. पण माझ्या तोंडून "थांबा" निघून गेलं. सगळं सांगितलं, ती खूण धरून.

ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलला. "मागं हटले? ते? तुमच्या पुढं?"

"हाव."

ती हसली. कितीतरी वर्षांनी हसली. "मंग ते नसतीन भावजी! ते जन्मात मागं हटले नाहीत." मग हसू थांबलं. "पण दुसऱ्या कोणाले ती खूण कशी माहीत असन?"

"तेच तर समजून नाही राह्यलं."

"मंग सांगा तुम्ही. आहेत का नाहीत? तुम्ही म्हणसान ते."

मी बाजारात क्षणात हो-नाही करणारा माणूस. त्या दिवशी ओट्यावर कितीतरी वेळ बसून राहिलो. हात गरम होता, हे खरं. हातामागं माणूस नव्हता, हेही खरं. शेवटी म्हणालो, "मले सांगता येत नाही, वहिनी."

"मंग बांगड्या राहू द्या," ती म्हणाली आणि चुलीकडे गेली.

पुतळा झाला नाही. भाऊबंदांनी मला बोल लावले, मुलीची ती सोयरीक मोडली, दुसरी उशिरा जुळली. बायकोनं मला अनेक वर्षं ऐकवलं, की भावाशी भांडलात ते भांडलात, आता त्यांच्यापायी घर अडवलंत. मी मनातल्या मनात दादाशी भांडत राहिलो. हटायचं होतं तर बाजारात हटायचं होतंस, चार लोकांसमोर. कापडाखाली हटून काय मिळवलंस? आणि नेमकं तेव्हाच का, मी तुला मेला ठरवून निघालो होतो तेव्हा? यातही तुझाच काही डाव असेल. असा संशय मला अजून येतो.

वहिनी गेली ती कुंकू लावूनच. भावकीतल्या बायका पांढरं लुगडं घेऊन आल्या. म्हणाल्या, "नवरा कधीचाच गेला, सवाष्ण कशी म्हणावं?" मी त्यांना दारातच अडवलं. "कोणी पाहिलं गेलेला? पाहिलं असन त्यानं पुढं या." कोणी पुढं आलं नाही. मी स्वतः पेठेत गेलो आणि हिरवं लुगडं घेऊन आलो.

ते बरोबर केलं का चूक, मला माहीत नाही. तो हात कोणाचा होता, तेही नाही.