न आलेला टँकर

मागितलेलं देव देतो, यावर माझा विश्वास नव्हता. लातूर नवा जिल्हा झाला, पाट्या रंगल्या, पण शिरूर अनंतपाळजवळच्या आमच्या गावात प्यायच्या पाण्याचा पत्ता नाही. त्यावर मी पत्रकं छापून वाटत होतो.

त्याच दुष्काळात थोरली बहीण, आमची अक्का, बाळंतपणाला माहेरी आली. लेकरू सुखरूप झालं, पण थोड्याच दिवसांत तिची डावी पोटरी सुजून कडक झाली. आमच्याकडं यावर एकच औषध: गरम तेलानं पाय रगडायचा आणि वर कढत पाण्याची अंघोळ. मालिश करणारी गयाबाई तेलाची वाटी घेऊन बसली. रांजण कोरडा.

"टँकर येऊ द्या," ती म्हणाली. "अंघुळीबिगर तेल लावत न्हाईत. अंगात वारं शिरतंय."

आई देवळीतल्या देवीपुढं बसली. "माय, आज तेवढा टँकर धाड."

"देवी काय तहसीलदार हाय व्हय?" मी चिडलो.

"तुझ्या कागदांनी तरी कुठं आला?"

टँकर आलाच नाही. लातूरला मामीकडं नळ होता. तिथं तरी मालिश होईल म्हणून मी अक्काला आणि लेकराला घेऊन एसटीत बसलो. शेजारी उदगीरची एक अनोळखी बाई होती. कुठं निघालात ते तिनं विचारलं, मग पाय बघितला. "बाबा, आधी दवाखाना गाठ. मामी कुठं पळून चालली?"

डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "चोळला का?"

"नाही. पाणी नव्हतं."

पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. चोळल्यानं ती सुटली असती, तर रक्ताबरोबर हृदयातून फुप्फुसात जाऊन अडकली असती. रक्त पातळ करणारी इंजेक्शनं सुरू झाली.

शेजारच्या खाटेवर रेणापूरकडची एक बाळंतीण आणली. तिच्या घरच्या विहिरीला पाणी होतं. पाय चोळून, अंघोळ घालून झाली आणि तिला धाप लागली. आमच्या देखत ती गेली. सासूच्या हातांना अजून तेलाचा वास येत होता.

म्हणून देवीनं आम्हाला वाचवलं, असं मोठ्यानं म्हणायला जीभ रेटत नाही. त्या घरातही देवी असेलच. टँकरसाठी मी आजही भांडतो. पाणी आमच्या हक्काचं आहे. बाळंतिणीचा एक पाय सुजला तर चोळू नका, हेही पत्रकात छापतो. देवीपुढं मात्र आता काही मागत नाही, नुसता हात जोडून बसतो.

अक्का घरी आली, तेव्हा टँकर वेशीत उभा होता. आईनं पहिला तांब्या देवीपुढं ठेवला.

"लई उशीर केलास, माय," ती म्हणाली. "बरं केलंस."