उभेकाकांचा कूलर

उभेकाकांना बसलेलं पाहिलंय असं सांगणारा माणूस मला पेणमध्ये भेटला नाही, रोह्यातही नाही. त्यांचं खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते रेशनकार्डापुरतं. रोह्याहून सकाळच्या पॅसेंजरनं पेणच्या गॅरेजला यायचे तेही डब्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत. कुणी सरकून जागा दिली की म्हणायचे, "बसून काय गाडी लवकर पोचते?" जेवणही उभ्यानंच, डबा एखाद्या टेम्पोच्या बोनेटवर ठेवून. त्यांच्याजवळ पाच मिनिटं थांबलं की आपलेही पाय वळवळायला लागत. मी मुळातच उतावळा. आमचं जमलं यात नवल नाही. पुढे जे बिनसलं ते माझ्यामुळे.

मी तेव्हा डोलवीच्या कारखान्यात एका ठेकेदाराकडे शिफ्टवर होतो. सुट्टी मिळाली की घाटातल्या मोटारशर्यती बघायला पळायचो. मग नुसतं बघणं पुरेना. मुंबईहून एक जुनी परदेशी गाडी घेऊन आलो, सहा सिलिंडरची, ऑटोमॅटिक गिअरची. आईनं कपाळावर हात मारला. सपाटीवर गाडी सुसाट पळायची, पण चढाला लागली की गिअरबॉक्सचं तेल तापायचं आणि गिअर घसरायला लागायचे. दोन महिन्यांवर एक स्पर्धा आली होती. तसला दुसरा गिअरबॉक्स मिळण्याची आशा नव्हती. हा जळला असता तर गाडी परसात कोंबड्यांच्या ताब्यात द्यावी लागली असती. उपाय एकच होता, गिअरच्या तेलासाठी पुढच्या जाळीमागे वेगळा कूलर बसवणं. आणि आमच्या भागात ते काम जाणणारे एकटे उभेकाका.

गंमत म्हणजे त्यांच्याकडे असलं काम तेव्हा कुणीच देत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी बसवलेल्या एका कूलरची नळी ऐन घाटात सुटली होती आणि पुण्याच्या एका मोठ्या गाडीचा गिअरबॉक्स जळून गेला होता. तेव्हापासून काका टेम्पोचे क्लच बदलत होते. माझ्या गाडीभोवती त्यांनी तीन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "करतो. पण सांगून ठेवतो, हा टिकला तर मी मेकॅनिक. जळला तर शटर खाली, घरी शेळ्या राखीन." मी ते हसण्यावारी नेलं. काकांनी नेलं नव्हतं.

कूलर म्हणजे काय हे त्यांनी मला दोन वाक्यांत शिकवलं. "गिअरबॉक्स म्हणजे सासर. तिथं तेल राबून राबून तापतं. कूलर म्हणजे माहेर. जरा वारा लागला की पुन्यांदा जातं नांदायला." गिअरबॉक्समधून दोन नळ्या निघतात, त्यातली जाणारी कुठली आणि येणारी कुठली हे ते पुस्तकात बघत नसत. इंजिन सुरू करून दोन्हींवर दोन हात ठेवायचे. जी आधी तापेल ती माहेराला निघालेली.

पाईप वाकवताना त्यांच्या तोंडाचा पट्टा चालू असे. एकच वळण चार-चार वेळा काढायचे, कारण सायलेन्सरच्या जवळून गेलेला पाईप त्यांना खपत नसे. "गार करायला न्यायचं आणि वाटेत चुलीवर बसवायचं, कुणी सांगितलंय?" कूलर आणि मागचा रेडिएटर यांच्यामध्ये दोन बोटं जागा हवीच. ते स्वतःची बोटं घालून बघायचे, मग माझी घालायला लावायचे, कारण माझी जाड होती आणि त्यांना फसवणूक नको होती.

गॅरेजला लागूनच सुमनताईंचा गणपतीचा कारखाना होता. पेणला गणपती बाराही महिने घडतात आणि रंगाचं मशीन चालू झालं की त्याची धूळ आमच्याकडे उडायची. कूलरच्या बारीक पात्यांवर रंग बसला की वारा आत शिरत नाही. "काका, मशीन लावते हां, झाका तुमची जाळी," अशी ताईंची हाक आली की काका शाडूच्या मूर्तीवर टाकतात तसलं जुन्या साडीचं ओलं फडकं कूलरवर पसरायचे. गाडी सुरू करण्याआधी ते काढून खांद्यावर टाकायचे. खांद्यावर फडकं नसेल तर किल्लीला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. इतका साधा नियम, पण त्यांनी तो एकदाही मोडला नाही.

मोडला मी. शेवटच्या चाचणीच्या सकाळी मशीन जोरात चाललं होतं. एका फडक्यानं काय होतंय, असं मनाशी म्हणत मी ताईंकडून दुसरं आणलं आणि कूलरच्या मागे, त्या दोन बोटांच्या जागेत कोंबलं. काका चहा पीत बाहेर फेऱ्या मारत होते. आल्या आल्या त्यांनी पुढचं फडकं काढलं, खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "चल, रोह्याला." मी पण निघालो. मागचं फडकं डोक्यातून साफ गेलं.

नागोठण्यापर्यंत तापमानाचा काटा जागचा हलला नाही. सीटच्या कडेला नाइलाजानं जेमतेम टेकलेले काका गाणं म्हणायचेच बाकी होते. सुकेळी खिंडीच्या चढाला मी गाडी दामटली आणि काटा वर सरकायला लागला. काकांनी डॅशबोर्डवर हात आपटला, "सोड, सोड, पाय सोड!" कोलाडजवळच्या धाब्यावर आम्ही थांबलो. त्यांनी तेलाची पट्टी काढून हुंगली. तेल करपलं होतं.

"पाईप चेपला असणार आतून," ते म्हणाले. "वळण काढताना चेपला. मागच्या वेळी नळी, आता पाईप. हात गेले माझे." ते रस्त्याच्या कडेनं लांबवर चालत गेले. मी वाकून आत पाहिलं तर कूलरमागे निळ्या साडीचा काठ दिसला. फडकं ओढून काढलं. खडखडीत सुकलं होतं. काका परत येताना दिसले आणि मी ते माझ्या पिशवीत घातलं. आता चिडलेत, रोह्याला पोचल्यावर सांगू, असं ठरवलं. रोह्याला पोचल्यावर ठरवलं, उद्या सांगू. गाडी त्यांच्या अंगणात सोडून मी पॅसेंजरनं पेणला आलो. माझी अक्कल तेव्हा कुठे शेण खायला गेली होती, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी काका आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. शटर बंद. सुमनताई विचारायला लागल्या, "काकांना बरं नाय काय?" शिफ्टवर माझं लक्ष लागेना. शेवटी गेलो रोह्याला. अंगणात माझ्या गाडीचे पाईप मांडले होते. एकूणएक पाईप काकांनी उभे चिरले होते. चिरलेले तुकडे हातात घेऊन, उन्हाकडे धरून ते आतली बाजू बघत होते. डोळे लाल झाले होते. "कुठंच चेपलेला नाय रे," मला बघून म्हणाले. "मग तापलं कसं?"

मी पिशवीतून फडकं काढलं आणि सगळं सांगितलं.

आधी ते चिडलेच नाहीत. "पुढं होतं का मागं?"

"मागं. दोन बोटांच्या जागेत."

"ओलं?"

"हो."

"तरीच!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "ओलं होतं तवर त्यानंच गारवा दिला. नागोठण्याला सुकलं, आणि खिंडीत काटा चढला. ऐकतेस काय गो? पाईप बरोबर होता माझा!" काकी दारात आल्या, हसल्या. काका अंगणभर फिरत होते, चिरलेले पाईप एकेक करून त्यांना दाखवत होते. मग मध्येच थांबले आणि माझ्याकडे वळले.

"तुला फडकं कधी सापडलं?"

"कोलाडला. धाब्यावर."

हातातला चिरलेला पाईप त्यांनी बाकीच्यांच्या ओळीत नीट ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, "फडकं इसरलास ते चालतं. माणूस इसरतो. पण मी हितं पाईप चिरत होतो, तेव्हा तुला म्हायती होतं."

टेम्पोला बांधून गाडी पेणला आणली आणि त्यांनी नवे पाईप आणून पुन्हा वाकवले. तेल बदललं, गिअरबॉक्स थोडक्यात वाचला होता. काम पहिल्याइतकंच चोख. फक्त मी पाना पुढे केला की ते तो न घेता स्वतः वाकून दुसरा उचलायचे. गाडी तयार झाल्यावर मी म्हटलं, "काका, चाचणीला येताय ना?" म्हणाले, "तू जा. माझी गाडी चुकंल." स्टेशनवर त्यांची गाडी यायला दीड तास होता.

पुढे त्यांच्याकडे मोठ्या गाड्या पुन्हा यायला लागल्या. लांबलांबहून यायच्या, माझ्या गाडीचं ऐकून. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. लोक त्यांच्या हाताची गोष्ट काढतात तेव्हा मीही भर घालतो, हसवतो. पण मनात येतो तो स्पर्धेच्या दिवशीचा फोन. मोबाईल नुकते हातात आले होते. घाटाच्या माथ्यावर हेल्मेट काढलं आणि आधी त्यांच्या घरचा नंबर लावला. कितवा आलो ते अजून कळायचं होतं, आणि त्याचं मला काही वाटतही नव्हतं.

"काका, अख्ख्या चढाला काटा हलला नाही!"

पलीकडे चपलांचा आवाज येत होता, तो थांबला.

"खरं ना?" काकांनी विचारलं.

दोन महिने मी त्यांना काटा कितीवर आहे, तेल कुठवर आहे, पाईप किती तापलाय, हे दिवसातून दहादा सांगत होतो. ते ऐकायचे आणि कामाला लागायचे. हा प्रश्न त्यांनी मला तोवर एकदाही विचारला नव्हता.

"खरं, काका," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.