आडवी टाकलेली फांदी

देवीवर माझा विश्वास होता, माणसांवर नव्हता. हे आधीच लिहून ठेवते, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझी सुमी तेव्हा पाच वर्षांची होती. दिवाळीपासून तिला एक दिवसाआड हिव भरून ताप यायचा. पोट फुगलं होतं, हातपाय काड्यांसारखे झाले होते. तालुक्याच्या गावचे डॉक्टर सुई द्यायचे. मला वाटे, सुईत नुसतं पाणी असेल. शेजारीणबाईनं सुमीसाठी वाटीभर शिरा पाठवला, तो मी कोंबड्यांना टाकला. कोंबड्यांना काही झालं नाही, तरी माझ्या मनातून ती बाई उतरली ती उतरलीच. पोरीला कोणाची तरी नजर लागली आहे, एवढंच मी धरून बसले होते.

मोठी जाऊ म्हणाली, "डोंगरावरच्या आईच्या पायावर घाल पोरगी. मंग पाह्य." शिमग्याच्या आधी त्या डोंगरावर जत्रा भरते. डोंगर अभयारण्यात येतो. नाक्यावर गाड्या थांबतात आणि पुढं दोन कोस पायी जावं लागतं. वर गोंड राजाच्या वेळचं दगडात कोरलेलं पाण्याचं टाकं आहे, त्याच्या काठावर आई बसली आहे. नाक्यावरच्या गार्डनं आमच्या पिशव्या तपासल्या, काडीपेटी काढून घेतली. जंगलाला आग लागू नये म्हणून घेतात हे मला माहीत होतं, तरी मी मनात म्हटलं, याला विड्या ओढायला पाहिजे असेल.

जाऊ गावच्या बायांबरोबर भराभर पुढं गेली. सुमीला कडेवर घेऊन मी मागं पडले. सागाची पानं गळून गेली होती, सावली कुठंच नव्हती, नुसता पळस पेटल्यासारखा फुलला होता. पोरीचं अंग माझ्या अंगाला पोळत होतं, आणि तो तर तापाचा दिवसही नव्हता.

एका ठिकाणी वाट फुटली होती. एक रुंद, गाडीवाटेसारखी. दुसरी अरुंद, झुडपातून चढणारी. तिथं एक म्हातारी गोंड बाई दिसली. दंडावर, कपाळावर गोंदण, केस पांढरे. तिनं एक हिरवी फांदी तोडून रुंद वाटेवर आडवी टाकली, वर दगड ठेवला आणि सुमीकडे टक लावून पाहिलं. ती जवळ येऊन म्हणाली, "पोरगी लय तापून राह्यली वं." तिनं हात पुढं केला, मी पोर पदराखाली ओढली. ती अरुंद वाटेनं वर गेली.

मी तिथंच उभी राहिले. चांगली रुंद वाट सोडून हिनं सगळ्यांना झुडपातून का पाठवावं? वर हिची झोपडी असेल, कोंबड्या विकायला ठेवल्या असतील. नाहीतर करणी असेल. कोणाला विचारावं तर मागून पुरुषमाणसं येत होती, आणि अनोळखी पुरुषाशी बोलायला माझी जीभ उचलत नसे. ती माणसं जवळ यायच्या आत मी पायानं दगड ढकलला, फांदी बाजूला फेकली आणि रुंद वाटेनं निघाले.

बरंच चालल्यावर माणसांचा आवाज बंद झाला. वाट एका खोल नाल्याच्या काठावर येऊन संपली. पुढं फक्त बांबूची बेटं आणि जमिनीवर अस्वलानं उकरलेली वारुळं. सुमीनं डोळे फिरवले. मी तिला हाका मारल्या, ती बोलेना. आईचं नाव घ्यावं हेही मला सुचलं नाही.

तेवढ्यात मागून आरडाओरडा आला. तीच म्हातारी! मला वाटलं, पोर हिसकायलाच आली.

"वर दिसली नाई म्हणून मागं फिरली मी. काऊन वं, डगाल काऊन फेकलं? माणसं चुकू नाई म्हणून टाकतो आम्ही. ही वाट बांबूवाल्यायच्या ट्रकची होती, जंगल बंद झालं, वाटही मेली. तुले डोळे नाई का?"

मी रडायला लागले. तिनं सुमीचा डोळा उघडून पाहिला आणि तिचा आवाजच बदलला. "वर नाई जायचं. नाल्याच्या पल्याड गाव हाय, तिथी नर्सबाई राह्यते. आण इकडं पोरगी."

"मी घेते," मी म्हटलं.

"पडशीन."

मी ऐकलं नाही. दोन पावलं उतरले आणि पाय घसरला. कशीबशी दगडाला धरून राहिले. ती आधीच खाली उतरून दोन्ही हात वर करून उभी होती. त्या क्षणी माझ्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. मी माझी पोर तिच्या हातात दिली. जन्मल्यापासून पहिल्यांदा मी ती परक्या हातात दिली असेल.

नाला ओलांडताना मी म्हटलं, "पण बाई, माझा नवस? मी आईकडे आली होती."

ती मागं न पाहता म्हणाली, "तुही आई वरच बसून राह्यते का? तिले पाय नाई का?"

नर्सबाईनं सुमीच्या बोटातून काचेवर रक्त घेतलं, गोळी कुटून पाण्यात कालवली. मी चमचा हुंगला. ती हसून म्हणाली, "जहर नाई देत बाई, पाज." मग तिनं नाक्यावर निरोप धाडला, तिथल्या त्याच गार्डनं जंगलखात्याची जीप मागवली आणि आम्हाला मोठ्या दवाखान्यात पोचवलं. मलेरिया डोक्यात चढायला लागला होता. अजून दोन तास उन्हात डोंगर चढला असता तर पोरगी हाती लागली नसती, असं तिथले डॉक्टर म्हणाले. नवव्या दिवशी सुमीनं स्वतः भात मागितला.

मी फांदी फेकली नसती तर जावेमागं सरळ वर गेले असते. माझ्या वाईट मनानंच मला त्या नाल्याशी नेलं, आणि तिथून हात देऊन उतरवलं ते वेगळ्याच कोणी. याचा अर्थ मला लावता येत नाही, लावायला जातही नाही. पुढच्या वर्षी लुगडं घेऊन म्हातारीकडे गेले. तिनं ते घेतलं, पण आधी मला दहा माणसांसमोर भरपूर बोलून घेतलं.

माझा संशय गेला असं खोटं लिहिणार नाही. अजूनही दारात नवा माणूस आला की मी आधी त्याचे हात पाहते. पण हात जोडते तेव्हा एवढंच म्हणते, आई, तू ज्या रूपानं येशील त्या रूपाला मी आधी वाईटच म्हणेन. तू मनावर घेऊ नको. तू ये.