नखाएवढा छेद

नव्वद साल उलटून गेलं होतं. बायकोच्या कमरेची गादी सरकलेली. कापूस वेचायला वाकली की डाव्या पायात सणक जायची. पारोळ्याहून धुळ्याला नेलं. तिथला डॉक्टर म्हणाला, "दुर्बिणीतून करतो. छेद नखाएवढा. पण नस दुखावू शकते, पाय लुळा पडू शकतो, नसांवरचं आवरण फाटू शकतं, आत पू होऊ शकतो." आम्ही नखाएवढं तेवढं ऐकलं. बाकीचं कानावर पडलं आणि गेलं.

पायाची सणक थांबली, पण आवरण फाटलं. डॉक्टरनं लपवलं नाही. "आतलं पाणी झिरपतंय. मी सांगेपर्यंत सपाट पडून राहायचं. डोकंसुद्धा उचलायचं नाही."

आता आमच्यात बाई जेठासमोर खाटेवर पडून राहत नाही. माझा थोरला भाऊ नाना बघायला आला की ही पदर ओढून उठून बसायची. मी दाबून धरलं तर माझ्यावरच डाफरली, "मी पडी ऱ्हासू आनि नाना उभा ऱ्हातीन? लोके काय म्हनतीन?"

भाऊ हसला. "इतलासा छेद! म्हैसले गोचीड चावस ते याथीन मोठी खूण ऱ्हास. बसू दे तिले."

भाऊ रोज यायचा. मायेनंच यायचा. ती रोज उठायची. मग डोकं ठणकायला लागलं, पाठीची पट्टी ओली व्हायला लागली. डॉक्टर आमच्यावर भडकला. मी भावाला तोंडावर सांगितलं, "नाना, आते तुम्ही आत येवू नका." तो बिचारा दवाखान्याच्या फाटकापाशी बसून राहायला लागला.

उशीर झाला होता. ताप चढला, मान लाकडासारखी झाली. जंतू पार मेंदूच्या आवरणापर्यंत गेले, असं डॉक्टर म्हणाला. इंजेक्शनं चालूच होती. शुद्धीवर आली की तिला एकच घोर.

"नाना काबर येतस नहीत? मन्हावर संतापनात का?"

"नहीं वं. बाहेर फाटकपाशी बसेल शेतस."

"मंग बलाव ना. मी उठी बससू."

मी नाही बोलावलं. तिला वाटलं, मी खोटं बोलतोय, नाना रागावलेच आहेत. तिनं डोळे मिटून घेतले. ते मनात घेऊनच गेली.