टोक आत वळवलेली तार

हँडल मी नेहमी मूठ आत करून अडकवते. त्या दिवशी मूठ बाहेर होती. झालं, माझ्या मनात पाल चुकचुकली.

"अहो, इथे कोणीतरी हात लावलाय," मी म्हटलं.

"वाऱ्याने फिरलं असेल," आमचे हे म्हणाले. लोखंडी हँडल म्हणे वाऱ्याने फिरतं! बायपास झाल्यापासून ह्यांनी सगळंच वाऱ्यावर सोडलंय.

हँडल आमच्या कॅम्परचं. कॅम्पर म्हणजे जीपमागे ओढायचा बुटका डबा. पुढचं विंच, म्हणजे तार गुंडाळायचं चाक, हँडलने फिरवलं की पोटाखालच्या तारा ताणल्या जातात, चार कोपऱ्यांतले खांब वर सरकतात आणि छप्पर उचललं जातं. त्याच्याबरोबर कापडी भिंती उभ्या राहतात. आत दोघांपुरता पलंग आणि एक शेगडी. आम्ही तो सेकंडहँड घेतला तेव्हा सोसायटीतले लोक हसले, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणाले. हसेनात का. शहरात गंगापूर रोडला आमचा चांगला फ्लॅट आहे, पण पिंपळगाव बसवंतकडे आमची स्वतःची द्राक्षबाग असून तिथे पाठ टेकायला जागा नव्हती. वाटणीत घर धाकट्या दिरांकडे गेलं, विहिरीकडची बाग आमच्याकडे आली, आणि दोघा भावांचं बोलणं बांधावरच संपलं. बांधाच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ते. कोणाकडे लग्न निघालं की दोघं मांडवाच्या दोन टोकांना जेवायला बसायचे.

ऑपरेशननंतर ह्यांनी एकच गोष्ट मागितली. "द्राक्षांचा माल उतरतो ना, तेवढे दिवस मला बागेत राहायचंय गं. स्वतःच्या जमिनीवर झोपायचंय." छातीला टाके असलेला माणूस असं म्हणाल्यावर नाही कसं म्हणणार? म्हणून बागेच्या कडेला, पत्र्याच्या शेडखाली कॅम्पर आला.

हँडल मारायला ह्यांना डॉक्टरांची सक्त मनाई. म्हणजे सगळं माझ्याच गळ्यात. अंबडच्या फॅब्रिकेटरने मला शिकवलं. तारा ज्यांवरून वळतात त्या कप्प्यांना तेल, खांबांना स्प्रे, विंचच्या दात्यांना ग्रीस. पण विंचच्या ब्रेकला ग्रीसचं बोटही लागता कामा नये, नाहीतर वजन सुटतं आणि हँडल उलटं फिरून मनगट मोडतं. आणि तारेवरून जुनी सुती चिंधी फिरवायची. ही तार बारीक पेड वळून केलेली असते. चिंधी कुठे अडकली, तर तिथे पेड तुटलाय असं समजायचं. हे काम मला फार आवडलं. माझा स्वभावच मुळी चिंधी फिरवून बघायचा.

माल तयार होत आला तेव्हा मागच्या एका कोपऱ्याच्या, नेमक्या बांधाकडच्या तारेवर चिंधी अडकली. फॅब्रिकेटर फोनवर म्हणाला, "मॅडम, तशी तार मागवावी लागेल. तोवर छप्पर उचलू नका." मला वाटलं, टोलवतोय मेला. ह्यांचं तोंड एवढंसं झालं. भरलेली पिशवी तशीच परत गाडीत ठेवायला लागली. पिशवीत मला तीन कप दिसले.

"तीन कशाला? माणसं दोन."

"एखादा फुटला तर?"

स्टीलचे कप फुटतात म्हणे! कोणाची वाट बघताय, असं मी विचारणारच होते, पण ह्यांनी तोंड फिरवलं होतं.

आणि पुढच्या खेपेला हँडलची मूठ बाहेर. वाकून बघते तर बांधाकडच्या कोपऱ्याची तार नवीकोरी, चकचकीत! फॅब्रिकेटरला फोन लावला. तो म्हणाला, "मी आलोच नाही." मग डोकं चालवायला काय वेळ लागतो? मऊ मातीत बांधाकडून आलेली पावलं होती आणि बांधाकडेच गेलेली.

"हे भावजींचं काम," मी म्हटलं. "आपण आत झोपायचं आणि छप्पर पडायचं अंगावर. आपली लेक सासरी. मग ही बाग कोणाची? भावकीत कोणी फुकट तार ओढत नाही, सांगून ठेवते."

हे हळूच खाली बसले आणि तारेच्या गाठीवरून बोट फिरवलं.

"मांडवाची तार आहे," हे म्हणाले. वेली ज्या तारांवर चढवतात, ती. "आणि हे बघ, टोक आत वळवलंय. बाबांनी आम्हा दोघांना शिकवलं होतं. तार बांधली की टोक आत दाबायचं, घड काढणाऱ्या बायांचे हात फाटू नयेत म्हणून. आता मला सांग, ज्याला घात करायचाय, तो माझ्या हाताला ओरखडा येऊ नये म्हणून कशाला झटेल?"

"विष देणारासुद्धा दूध कोमट करूनच देतो," मी म्हटलं. पण खरं सांगायचं तर ते आत वळवलेलं टोक मलाच टोचत राहिलं, आणि असं काही टोचलं की मला जास्तच राग येतो.

हँडल मारलं. छप्पर कुरकुर न करता वर गेलं. इतकं सुरळीत गेलं की माझा संशय वाढलाच. दुधाने तोंड पोळलेली बाई मी, ताकही फुंकून पिणार. वेलींना आधार द्यायचे बांबू शेडमध्ये पडले होते. ते आणून मी चारही कोपऱ्यांना छपराखाली टेकू दिले. हे हसले. "छपराला काठ्या दिल्यास, आता मलाही एक दे."

पण राहिलो. बाई गं, काय झोप लागायची ह्यांना तिथे! पहाटे उठून शाल गुंडाळून घडांमधून फिरायचे. दिवसभर ट्रॅक्टरची धूळ उडायची, म्हणून सकाळी चहा झाला की मी टेकू काढून छप्पर खाली घ्यायची आणि संध्याकाळी पुन्हा वर. रोज चिंधी फिरवायची. नव्या तारेवर ती कधीच अडकली नाही. बांधापलीकडे भावजी आपल्या बागेत माल उतरवत असायचे. आमच्याकडे बघायचे, मी बघितलं की खाली बघायचे. मनात काळं असल्याशिवाय माणूस मान खाली घालतो का?

आणि एका सकाळी ते झालं. हे आत पलंगावर, मी बाहेर चहा गाळतेय, आणि टण्ण! बांधाकडचा कोपरा धाडकन खाली आला. बांबू कमानीसारखा वाकला आणि कडकडायला लागला. माझ्या हातून गाळणं पडलं.

माझ्याआधी भावजी पोचले. हातात घड कापायची कात्री, पायात काही नाही. इतक्या वर्षांत आमच्यादेखत कधी न ओलांडलेला बांध ओलांडून आले आणि त्यांनी त्या कोपऱ्याला सरळ खांदा लावला.

"दादा, भायेर ये! लवकर नीघ!"

तेव्हा मला वाचा फुटली. "मारायला निघाला होतात का माझ्या माणसाला? चोरासारखं येऊन तार बदलता? कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"वहिनी, शप्पथ," ते धापा टाकत होते. "दादा आला आन् छप्पर न उघडताच माघारी गेला. त्याचं तोंड बघवलं नाय मला. ह्याच तारेवर माझा अख्खा बाग उभा हाय. लय वजन पेलती ती. वाटलं, छपराचं काय!"

मी वाकून बघितलं. तार बरोबर कप्पीवर तुटली होती. आणि माझ्या डोक्यात लख्ख पडलं. बागेतली तार एकदा ताणली की जागची हलत नाही. ही मात्र रोज सकाळ-संध्याकाळ कप्पीवरून वाकत होती आणि सरळ होत होती. हाताशी पक्कड नसली की आपण तार अशीच मागेपुढे वाकवून तोडतो. शिवाय तिला पेडच नव्हते, मग चिंधी अडकणार कशाला?

"मांडवाची तार वाकत नाही हो, भावजी. ही रोज वाकत होती."

त्यांनी मान वळवून बघितलं. चेहरा पांढरा पडला. "हे ध्यानातच नाय आलं माझ्या," म्हणाले. मी आयुष्यभर लोकांचे चेहरे तपासत आलेय. हा खोटा नव्हता. माझा राग उतरला.

"अहो, बाहेर या ना आता!"

हे आपले पलंगावर तसेच बसलेले. "तो चहा घेणार असेल तर येतो."

"कपाळ माझं! तुम्हाला चहा सुचतोय?"

"दादा, खांदा चाललाय माझा!"

"मग हो म्हण. मी बाहेर आलो की तू छप्पर ठेवशील आणि बांध ओलांडून चालता होशील. मला ठाऊक नाही का तू?"

बांबू पुन्हा कडकडला. भावजींच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या आणि डोळे भरून आले होते. "घेतो बाबा, घेतो," ते म्हणाले. "आता तरी नीघ."

हे बाहेर आले, पिशवी हातात घेऊनच. मी दुसरा बांबू सरकवला, तेव्हा कुठे भावजींनी खांदा सोडवला. ह्यांनी पिशवीतून कप काढले. पहिला मला दिला, दुसरा स्वतःपुढे ठेवला, आणि एखादा फुटला तर म्हणून आणलेला तिसरा भावापुढे धरला.

तिघंही जमिनीवर बसलो. भावजी ह्यांच्या सदऱ्याच्या उघड्या बटणाकडे, आतल्या व्रणाकडे बघत होते.

"लय दुखतं का रे?" त्यांनी विचारलं.

"आता नाही."

"दवाखान्यात आलो होतो मी. खाली बाकड्यावर बसून माघारी गेलो." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वर दारात वहिनी उभ्या होत्या."

कुठल्या दवाखान्यात, कितव्या मजल्यावर, कोणत्या बाकड्यावर, हे सगळं विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.