अबू नासिरची गाडी आणि फोरमनमामू

फोरमनमामू कामाला लागले की माणसांशी बोलणं बंद करत आणि गाडीशी बोलू लागत. ‘इथं दुखतंय काय तुला? थांब, बघतो,’ असं बॉनेटखाली डोकं घालून चाललेलं असे. त्या वेळी कुणी मध्ये सल्ला दिला, तर ते मान वर न करता म्हणत, ‘तुला विचारलं काय?’ जेद्द्यातल्या त्या गॅरेजात मालकसुद्धा त्यांना आधी खाकरून, मगच हाक मारायचा.

ते माझे सख्खे मामा. दाभोळजवळच्या आमच्या गावातून तरुणपणी आले आणि त्याच गॅरेजात फोरमन झाले. माझा नवरा सलीम तिथेच स्पेअर पार्टच्या स्टोअरमध्ये. शुक्रवारी नमाजनंतर मामू शराफिया भागात आमच्या घरी जेवायला येत. माशाचा काटा काढतानासुद्धा त्यांचा हात चुकत नसे, आणि हे ते आम्हाला सांगतही. आपलं चुकलं, असं म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. कालवणात मीठ जास्त पडलं, तर ते मिठाचं चुकलेलं असे.

गॅरेजचा मालक अबू नासिर मामूंचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर त्यांचा व्हिसा होता तो धनी. तरुणपणी इंग्लंडात शिकताना त्याने एक उघडी, दोन माणसांची, लांब नाकाची गाडी पाहिली होती. म्हातारपणी त्याने तिचे सुटे भाग मागवले. चासी, चाकं, स्टिअरिंग, फायबरची बॉडी, सगळं खोक्यांतून आलं. ‘इब्राहिम, ही तू जोडायची,’ तो म्हणाला. मामूंनी खोकी पाहिली आणि त्या दिवशी जेवताना एक शब्द बोलले नाहीत. आनंद झाला की ते असेच गप्प होत.

जोडणीचं पुस्तक इंग्रजीत होतं. मी इंडियन स्कूलमध्ये शिकवते, म्हणून शुक्रवारी दुपारी बंद गॅरेजात बसून मी ते मोठ्याने वाचायची आणि मराठीत सांगायची. मामू ऐकत ऐकत पान्याने नट आवळत. सीटखालच्या लोखंडी पट्ट्या जोडायला शफीक नावाचा वेल्डर होता, चितगावचा. अबोल माणूस. त्याने मारलेल्या सांध्यावरून मामू बोट फिरवत आणि काही बोलत नसत. मामूंकडून एवढीच शाबासकी मिळायची.

एका शुक्रवारी मी वाचलं की स्टिअरिंगच्या दांड्याचा नट एकदाच वापरायचा. त्यात नायलॉनची रिंग असते, ती एकदा घट्ट केल्यावर पुन्हा धरत नाही, म्हणून काढला तर नवा घालायचा. मामूंनी तो थोड्याच वेळापूर्वी काढला होता आणि तोच परत बसवत होते. ‘मामू, नवा घालायचा आहे.’ ‘चालतो गो. माझ्या हातानं घट्ट केलाय.’ मी पान उलटलं.

पुढे कागदपत्रांचा फेरा सुरू झाला. घरी जोडलेल्या गाडीला इस्तिमारा, म्हणजे रस्त्यावर चालवायची नोंदणी, सहज मिळत नाही. एका खिडकीवरून दुसरीकडे, दुसरीवरून ‘बुकरा’, म्हणजे उद्या या. अखेर फहसला, म्हणजे तपासणीला बोलावणं आलं. अबू नासिर आपल्या दोस्तांना घेऊन गेला. मामू इस्त्रीचा शर्ट घालून गेले, सलीमही बरोबर होता.

संध्याकाळी सलीम घरी आला तो मान खाली घालूनच. गाडी नापास झाली होती. तपासनिसाने स्टिअरिंग हलवलं आणि दांडा सैल निघाला. ‘असा रस्त्यावर गेला असतास तर मेला असतास,’ असं तो सगळ्यांसमोर अबू नासिरला म्हणाला. अबू नासिरने मागे वळून विचारलं, ‘हे कुणी बसवलं?’

‘आणि मामू म्हणाले, शफीकने,’ सलीम म्हणाला.

शफीक तिथे नव्हताच. गॅरेजात परतल्यावर अबू नासिर त्याच्यावर सगळ्यांसमोर ओरडला आणि त्याने त्याला दूर यान्बू शहरातल्या आपल्या दुसऱ्या गॅरेजात धाडून दिलं. शफीकने मामूंकडे नुसतं पाहिलं आणि आपली बॅग भरली.

मला इतकी लाज वाटली की त्या शुक्रवारी मामू दारात आले, तरी ‘या’ म्हणवेना. ते आत येऊन बसले. मी ताट वाढलं. त्यांनी हात लावला नाही.

‘तुला ठाऊक आहे,’ ते म्हणाले.

‘मीच वाचून दाखवलं होतं, मामू.’

‘तोंडातून निघून गेलं गो. सगळे माझ्याकडं बघत होते.’ मग म्हणाले, ‘घरी त्याची तीन पोरं आहेत. मला त्यांची नावंसुद्धा माहीत आहेत.’

दुसऱ्या दिवशी ते अबू नासिरपुढे जाऊन उभे राहिले. ‘अना गलतान,’ म्हणाले, चूक माझी. शफीकने त्या नटाला हातही लावला नव्हता. अबू नासिर हसला. ‘मा फी मुश्किला, काही बिघडलं नाही, इब्राहिम! नवा नट घाल.’ खांद्यावर थाप मारून तो चहा प्यायला गेला. ‘थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं,’ मामू सलीमला म्हणाले.

आम्ही त्यांना यान्बूला घेऊन गेलो. शफीक शेडमध्ये वेल्डिंग करत होता. मामू त्याच्यासमोर उभे राहिले आणि हिंदीत म्हणाले, ‘शफीकभाई, मैंने झूठ बोला. सबके सामने बोला. मालिक को सच बता दिया है. वापस चलो.’ शफीकने डोळ्यांवरची काच वर केली. ‘आप जब तक उधर हो, मैं नहीं आएगा,’ एवढं बोलून त्याने काच खाली ओढली. ठिणग्या उडू लागल्या. मामू तिथून हलेनात. शेवटी सलीमने त्यांना हात धरून आणलं. परतीच्या वाटेवर ते एकदाच बोलले, ‘बरोबर बोलला तो.’

गाडी दुसऱ्या खेपेला पास झाली. नंबर प्लेट लागली, गॅरेजात पेढे वाटले. अबू नासिरने किल्ली मामूंपुढे धरली, पहिली चक्कर तू मार म्हणून. मामूंनी हात मागे बांधले. ‘तुम्ही जा, आम्ही बघतो,’ म्हणाले.

थोड्याच दिवसांत त्यांनी फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं गावी परतायची परवानगी मागितली. इकाम्याची, म्हणजे इथं राहायच्या परवान्याची मुदत बाकी होती, गावच्या घराला अजून छप्पर नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, उन्हाळा सोसवत नाही. अबू नासिरने खूप समजावलं. जाताना मामूंनी त्याच्याकडे एकच मागणं केलं, माझ्या जागी शफीकला आणा. विमानतळावर मी रडले. ते मात्र बॅगेच्या चाकाकडे बघत होते.

ते गेले त्याच आठवड्यात शफीक आला. आता तोच फोरमन आहे. नवी पोरं त्याला वचकून असतात. अबू नासिरची गाडी दर वर्षी तोच फहसला नेतो.

परवा मामूंचा गावाहून फोन आला. आवाज खोल गेला आहे. घराची, पावण्यारावळ्यांची चौकशी झाली. मग म्हणाले, ‘यंदा गाडी पास झाली?’

‘झाली, मामू.’

‘शफीक माझं नाव काढतो कधी?’

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण त्यांच्याशी तेवढं एक करायचं नव्हतं.

‘नाही, मामू.’

फोनवर कुणाच्या तरी कोंबड्या ओरडत होत्या. ‘बरं,’ ते म्हणाले, ‘आणि तू त्याला विचारू नको हां, नसीम.’