कौशिक गोत्र, स्वाती नक्षत्र

भामा टीचरला एका जागी बसणं ठाऊकच नव्हतं. शाळेत ती वर्गभर फिरत शिकवायची, घरी उभ्या उभ्या जेवायची, आणि रविवारी तंजावरच्या मोठ्या देवळात महाराष्ट्रातल्या यात्रेकरूंना दर्शन घडवताना तर तिच्या पायांना भिंगरी लागायची. पिढ्यान्‌पिढ्या तंजावरात राहिलेल्या घरातलं तिचं जुन्या वळणाचं मराठी ऐकून यात्रेकरू हसत, तीही हसे. पण चित्त कधीच थाऱ्यावर नसे.

याला कारण तिचा मुलगा प्रणवेश. वडील वारल्यावर त्यांच्या जागी त्याला सरकारी कचेरीत नोकरी मिळाली होती, कायमची, पेन्शनची. ती सोडून तो बंगळूरला कसल्याशा कॉम्प्युटर कंपनीत गेला. भामाच्या लेखी हे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं होतं. रागाच्या भरात ती म्हणाली, "देवापुढें तुझें नांव पुन्हा घेणार नाही." वीस वर्षं दर सोमवारी त्याच्या नावानं होणारी अर्चना त्या आठवड्यापासून बंद झाली. याला दोन वर्षं झाली होती. त्याची पत्रं येत, खाली फोन नंबर असे. नंबर तिला पाठ होता, पण फोन तिनं एकदाही केला नव्हता.

त्या रविवारी साताऱ्याची बस आली. त्यातल्या एका बाईंना मुलासाठी अर्चना करायची होती. शहाजी सैन्यात, काश्मीरला; दोन महिने पत्र नव्हतं. अर्चनेत पुजारी माणसाचं गोत्र, नक्षत्र आणि नाव घेऊन देवाला फुलं वाहतो, हे भामानं त्यांना सांगितलं.

"गोत्र-नक्षत्र आम्हाला कुठलं ठाऊक?" बाई ओशाळल्या. "रास तूळ, एवढंच."

"गोत्र नाही ठाऊक तर शिवगोत्र चालतें," भामा म्हणाली. तूळ म्हणजे स्वाती धरू, तिनं मनात ठरवलं.

गाभाऱ्यासमोर रेटारेटी होती. पुजारी सांबशिव गुरुक्कळांनी ताट घेतलं आणि सवयीनं भामाकडे पाहिलं. गोत्र? नक्षत्र? नाव?

"कौशिक गोत्र, स्वाती नक्षत्र, प्रणवेश," भामाच्या तोंडून एका दमात गेलं.

शहाजीचं नाव राहूनच गेलं. गुरुक्कळ क्षणभर थबकले, मग मंत्र म्हणत गाभाऱ्यात गेले. घंटा वाजली, आरती झाली. बाईंना गर्दीत भामाचे शब्द ऐकू आले नव्हते, मंत्रांतलंही काही कळलं नव्हतं. डोळे पुसत त्यांनी नारळ, केळी आणि विभूती पदरात घेतली आणि भामाचे हात धरले. "देवासारख्या भेटलात."

भामाला ते हात सोडवेनात आणि धरवेनात. बाई बसकडे गेल्या. भामा नंदीपर्यंत गेली, परत फिरली, पुन्हा गेली. तापलेल्या फरशीवर पाय भाजत होते. सांगितलं नाही तर कोणाला कळणार? पण एका आईनं दुसरीच्या लेकराची पूजा पळवली होती, तीही सीमेवरच्या लेकराची. बसचा हॉर्न वाजला तशी भामा धावत सुटली.

"बाई, थोडकें उतरा. मजकडून चुकलें." धापा टाकत तिनं सगळं सांगितलं.

बाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्या पोराचं नावच गेलं नाही देवापुढं?"

"नाही."

"तुमचा मुलगा कुठं असतो?"

"बंगळूरला."

"आजारी आहे?"

"नाही. आम्ही बोलत नाही."

"फोन आहे त्याच्याकडं?"

"आहे."

बाईंनी बसचा दांडा घट्ट धरला. "माझ्या पोराकडं असता ना," त्या म्हणाल्या, आणि दांडा सोडून खाली उतरल्या. भामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ड्रायव्हर कुरकुरला, तरी दोघी उलट्या पावली पळाल्या. दुपारचं देऊळ बंद व्हायच्या बेतात होतं. गुरुक्कळ पडदा ओढत होते. भामाला पाहून त्यांनी हात आवरला. या वेळी तिनं एकेक शब्द सावकाश उच्चारला. शिवगोत्र, स्वाती नक्षत्र, शहाजी. बाईंनी आपल्या लेकाचं नाव कानांनी ऐकलं.

बसमध्ये चढताना त्यांनी पहिल्या अर्चनेचा प्रसाद भामाच्या हातात ठेवला. "हा तुमच्या पोराचा. माझा मला मिळाला."

बस गेली. देवळाबाहेरच्या एसटीडी बूथमध्ये भामा उभ्यानंच नंबर फिरवत होती. तिकडे घरमालकानं उचलला, हाका मारल्या, पायऱ्यांवर धावती पावलं वाजली.

"कोण?"

"मी. तुज नांवानें अर्चना जाहली," ती म्हणाली. "चुकून."

मीटरचे लाल आकडे पळत होते.

"प्रसाद आहे, अम्मा?"

"मज हातांत आहे."

"ठेवून दे. पुढच्या महिन्यांत येतों."

भामानं केळी चाचपून पाहिली.

"तोंवर केळें टिकायचें नाही," ती म्हणाली. "शनवारी ये."